ब्लाऊजचं पेपर कटिंग

कॉम्प्युटरच्या वर्गात सरांनी सरावाला तीन कुत्र्यांना भुंकायला लावणारा प्रोग्रॅम लिहायला दिला. मी मोती, टायगर आणि राजा यांच्यासाठी तीन वेगवेगळे क्लास लिहून मोकळी झाले. शेजारी बसणारी वैशाली ब्लाऊज शिवते, दहावीपुढे शिकलेली नाही. तिने माझ्या स्क्रीनवर नजर टाकली.

"अहो बाई, तीन गिऱ्हाइकं आली म्हणून पेपर कटिंग तीनदा काढतात का? क्लास म्हणजे कटिंग. ते एकच. ज्याच्या त्याच्या मापाने शिवलेला ब्लाऊज म्हणजे ऑब्जेक्ट."

मी वीस वर्षं गणित शिकवते आहे, आणि जूनपासून शाळेत हाच विषय मला शिकवायचा आहे. क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून घडलेली वस्तू, ही व्याख्या मला पाठ होती. समजलेली मात्र तिला होती. हुशार माणसाचा हेवा मी पचवू शकते. आपण हुशार आहोत हेच ज्याला ठाऊक नाही, त्याचा पचत नाही.

मी दोन क्लास खोडले. उरलेल्या एकातून तिन्ही कुत्रे भुंकले.

"वा! कसं सुचलं?" सरांनी विचारलं.

"सुचलं आपलं," मी म्हणाले.

"बाई हुशारच आहेत हो," वैशाली म्हणाली, आणि ते तिने अगदी मनापासून म्हटलं.