घरात चूल पेटलेली नाही

दुबईच्या विमानतळावर आमचं मुंबईचं विमान सकाळपासून 'थोड्याच वेळात' सुटत होतं. काउंटरवरची मुलगी कारण सांगत नव्हती, हसून सँडविचचं कूपन तेवढं देत होती. कूपनच्या मागे बारीक अक्षरांत प्रवाशांचे हक्क छापले होते. त्यात आमची भूक धरली होती, घरी वाट बघणारी माणसं धरलीच नव्हती.

शेजारच्या माणसाने कूपन घेतलं नाही. पहाटे त्याचे वडील गेले होते. "घरात चूल पेटलेली नाही हो, मी कसा खाऊ?"

दुपारी त्याने साताऱ्याला फोन लावला. "नका थांबू आता. धाकट्याला अग्नी द्यायला सांगा."

तेवढ्यात स्पीकरवरून सहकार्याबद्दल आमचे आभार मानले गेले. सहकार्य! थोरल्याच्या हातून बापाचा अग्नी काढून घेतला, आणि वर आभार.