संजासमोर तीन म्हातारे

माळव्याचा वारसा जतन करायला आम्ही चार रिटायर्ड माणसं निघालो. वारसा किती जतन झाला ते देव जाणे, पण किस्से इतके जमले की उज्जैनच्या टावर चौकात चहाला उभं राहिलं की कोणी तरी विचारतंच, "शोभाताई, काल काय झालं?" म्हणजे काही तरी झालंच असणार हे धरून चाललेलं. आणि झालेलं असतंच!

आधी मंडळी सांगते. खांबेटे सर आमचे कर्तेधर्ते. जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवला, लग्न केलं नाही, आणि रागावले की एकदम शुद्ध मराठी बोलतात. पोतनीस रेल्वेतले. कॅमेरा त्यांचा आणि भूकही त्यांची. तिवारीजींकडे जुनी व्हॅन आहे, म्हणून तिवारीजी आहेत. मी बँकेतली. रेकॉर्डर माझ्याकडे, कारण माझा हात हलत नाही. तोंड मात्र थांबत नाही, असं पोतनीसांचं म्हणणं.

* * *

शहराबाहेर एका शेताच्या बांधावर आम्हाला एक कोरीव दगड सापडला. कुठल्या तरी जुन्या देवळाच्या खांबाचा तुकडा, अर्धी झिजलेली वेलबुट्टी. सर एवढे खूश की विचारू नका! चिखल होता म्हणून त्यांनी चपला काढल्या, दगडासमोर मांडी घातली आणि ब्रशने हळूहळू माती झाडली. मग पाण्याने धुतला. फोटो चांगला यावा म्हणून मी मागे पांढरं कापड धरून उभी राहिले. पोतनीसांना भूक लागली, तर त्यांनी सकाळी देवळातून मिळालेला नारळ तिथेच दगडाशेजारी फोडला. शेतातली माणसं लांबून बघत होती. बघू देत म्हटलं, आपलं काय जातं!

पुढच्या आठवड्यात मोजमाप घ्यायला गेलो तर दगड शेंदरात बुडालेला! वर पत्रा, पुढे घंटा. सर तसेच धावले, तर एक बाई कडाडली, "बाबूजी, चप्पल बाहर!"

सर तिला हिंदीत समजावायला लागले की हा देव नाही, हा स्तंभ आहे. बाई शांतपणे म्हणाली, "हमको क्या पता था? आप ही तो उस दिन पूजा करके गए!"

मागे वळून बघितलं तर तिवारीजी हात जोडून उभे. सर भडकले, "तिवारीजी, आप भी?"

"सर, अब तो भगवान ही हैं. प्राणप्रतिष्ठा आपके हाथ से हुई है."

* * *

सरांचे नियम तीन. रेकॉर्डर एकदा सुरू झाला की काहीही होवो, मध्ये बंद करायचा नाही. गाणारा अडकला तर त्याला शब्द सुचवायचा नाही, कारण तो जे विसरला तेही संशोधनच. आणि शेवटी प्रत्येकाला विचारायचं, "कुणाकडून शिकलात?" सर म्हणतात, कोणी गायलं हे निम्मं काम, कुणाकडून आलं हे उरलेलं निम्मं.

हा प्रश्न त्यांच्या तोंडात इतका बसलाय की देवास गेटला कचोरी खाताना त्यांनी कचोरीवाल्यालाही विचारलं, "किससे सीखा?"

तो म्हणाला, "किसी से नहीं साब. दसवीं में फेल होकर."

सर म्हणाले, "शोभाताई, हे रेकॉर्ड करून घ्यायला हवं होतं."

* * *

पहिल्या नियमाने तर आमची पार अब्रू घालवली. एका खेड्यात एक पंच्याऐंशीच्या पुढचे बाबा भजन म्हणत होते. आवाज असा लागला होता की अंगावर काटा यावा. आणि नेमकं तेव्हाच पोतनीसांचं पोट बोललं. एकदा नाही, अंतऱ्याला बोललं आणि पुन्हा ध्रुवपदाला बोललं! मी रेकॉर्डरवर बोट नेलं तर सरांनी असं बघितलं की बोट मागे आलं.

आजही ते रेकॉर्डिंग आमच्या संग्रहात आहे. खाली सरांनी लिहिलंय, "गायन: बाबा. पार्श्वध्वनी: पोतनीस."

* * *

आता गोदूआत्या. जुन्या शहरात एका गल्लीत राहतात. घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी दरबारी कामाला इकडे आलेलं. देवघरात देव कोकणातले आणि तोंडात गाणी माळवी. संजाची सगळी गाणी येणारी त्या भागात ही एकच बाई उरलेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पितृपक्षात इथे कुंवार, म्हणजे बिनलग्नाच्या मुली रोज संध्याकाळी भिंतीवर शेणाची संजा काढतात. चंद्र, सूर्य, फुलं, पाच कुंवारे, रोज नवीन काही तरी. वर पाकळ्या चिकटवतात आणि पुढे बसून गाणी म्हणतात. सर्वपित्री अमावस्येला सगळं खरवडून नदीत सोडायचं. म्हणजे संजा सासरी गेली.

आत्यांना विसरायला होऊ लागलंय. भाचेसून म्हणाली, "सकाळी मला ओळखतात, दुपारी विचारतात ही कोण पोरगी घरात फिरून राहिली. पुढच्या वर्षी गाणी राहतील की नाही, भरवसा नाही." हे ऐकून सरांचं तोंड एवढंसं झालं. मोठमोठ्या मूर्ती चोरीला गेल्या तेव्हाही मी त्यांना असं बघितलं नव्हतं. पण सगळ्या उज्जैनमध्ये हेच घर त्यांनी कसं शोधलं, ते तेव्हा आमच्यापैकी कोणी विचारलं नाही.

सर म्हणाले, "आत्या, दोन गाणी आत्ता म्हणता?"

"श्रावणात? संजा काय रेडिओ आहे, बटण दाबलं की वाजेल?"

* * *

पितृपक्ष लागला. आत्यांची अट एकच, समोर मुली पाहिजेत. रिकाम्या अंगणात त्या गाणार नाहीत. गल्लीत मुली आहेत, पण एक कोचिंगला, एक डान्सला, आणि एक म्हणाली, "शेन? छी आंटी!"

मी म्हटलं, मी बसते. आत्यांनी माझं मंगळसूत्र बघितलं. "तू चालणार नाहीस. लग्न झालेलीने संजा खेळायची नसते." मग ताठ होऊन म्हणाल्या, "मी केलंच नाही लग्न. माझा हक्क अजून शाबूत आहे!"

त्यांनी सरांकडे बोट केलं. "हा कुंवारा आहे ना? बस रे पुढे."

पोतनीस सुटल्यासारखे मागे सरकले. "आत्या, माझं तर लग्न झालंय. तिवारीजींचंही."

"पुरुषांचं काय विचारतोस? त्यांना लग्नाने कुठे काही फरक पडतो!"

भाचेसून एवढी हसली की तिला आत जावं लागलं. तेव्हापासून पितृपक्षभर रोज संध्याकाळी तीन म्हातारे भिंतीसमोर ओळीने बसायचे. तिवारीजी शेण आणायचे, पोतनीस पाकळ्या, आणि सर शेणाचा चंद्र थापायचे. आत्या बघून म्हणायच्या, "चंद्र आहे की जळलेली भाकरी?" मी एका बाजूला रेकॉर्डर धरून, बाहेरची!

* * *

संजाचा प्रसाद झाकलेल्या डब्यात असतो. डबा हलवून दाखवायचा आणि बाकीच्यांनी आत काय ते ओळखायचं. ओळखेपर्यंत कोणाला मिळत नाही. पोतनीस वासावरून एका क्षणात सांगायचे. सर डबा कानाशी लावून म्हणायचे, "आवाज कोरडा आहे, पण कणीदार नाही, म्हणजे बहुधा..." तोवर पोतनीसांचा दुसरा लाडू तोंडात!

त्यावरून आत्यांना रोज आपला चोर आठवायचा. त्यांच्या लहानपणी दाराजवळच्या कोनाड्यात प्रसाद ठेवायच्या, आणि एका वर्षी तो रोज गायब व्हायचा. "मेला कोण होता कळलंच नाही! गूळ-चण्यापासून पेढ्यांपर्यंत काही सोडलं नाही. मैत्रिणी म्हणायच्या, गोदूच खाते. माझ्यावर आळ!" दुपारी स्वतःच्या भाचेसुनेला ओळखत नव्हत्या, पण हा चोर पक्का लक्षात होता. सर खाली मान घालून पाकळ्या चिकटवत राहायचे.

* * *

अमावस्या जवळ आली तसा पोतनीसांचा जीव कळवळायला लागला. भिंत एवढी सुंदर भरली होती. शेवटच्या दिवसांत काढतात तो मोठा किल्लाकोट, त्यात झेंडूच्या पाकळ्या. हे सगळं खरवडायचं? त्यांनी बाजारातून पारदर्शक वॉर्निशचा स्प्रे आणला आणि सरांच्या कानात म्हणाले, "एक हात मारला की वर्षानुवर्षं टिकेल. आपलं काम जतन करणं आहे की नाही?"

सर डगमगले! मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. डबी हातात घेतली, झाकण काढलं.

मागून आत्या म्हणाल्या, "पोरीला सासरी पाठवायची आहे की भिंतीत चिणायची?"

सरांनी झाकण लावलं. स्प्रे तिवारीजींनी नेला. त्यांच्या व्हॅनचा बंपर हल्ली भलता चमकतो.

* * *

आणि हा शेवटचा.

अमावस्येला आम्ही संजाची टोपली घेऊन क्षिप्रेवर गेलो. घाटावर पाय ठेवायला जागा नाही. जिकडे तिकडे पिंडदान चाललेलं, आणि त्या गर्दीतून आमची वरात. पुढे आत्या भाचेसुनेच्या हातावर, मागे डोक्यावर शेणाची टोपली घेतलेले खांबेटे सर. एक गार्ड आडवा आला, विसर्जनाच्या सिमेंटच्या हौदाकडे बोट करून म्हणाला, "अम्माजी, नदी में नहीं. वो कुंडी में डालो."

आत्या म्हणाल्या, "तेरी बहन को कुंडी में बिदा किया था?" गार्ड बाजूला झाला.

संजाला सासरी पाठवण्याचं गाणं फक्त नदीवर म्हणतात. घरी म्हटलं की अपशकुन. एवढे दिवस सर या एका गाण्यासाठी थांबले होते. बाकी सगळी माझ्या रेकॉर्डरमध्ये आली होती, हे एकच राहिलं होतं, आणि पुढच्या वर्षीचा भरवसा नव्हता.

मी रेकॉर्डर सुरू केला. आत्यांनी पाण्याकडे तोंड केलं आणि म्हणायला लागल्या. काय आवाज हो! एक कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला अडकल्या.

पुन्हा दुसरं म्हटलं. पुन्हा तिथेच. मग आमच्याकडे बघितलं, एकेकाच्या तोंडाकडे, घरचा रस्ता विचारावा तसं. मला रडू आलं, खरं सांगते. पोतनीस पुटपुटले, "अरे, सांगा ना कोणी!" पण सांगणार कोण? आणि सरांचा नियम होताच, शब्द सुचवायचा नाही.

तेवढ्यात टोपली डोक्यावर घेऊन उभे असलेले सर गायला लागले.

भसाडा आवाज, सूर कुठल्या कुठे, पण तिसरं कडवं अचूक! नंतर चौथं. अस्सल माळवीत, मुलींच्या लकबीसकट. आत्या बघतच राहिल्या. मग त्यांचा आवाज सरांच्या आवाजात मिसळला आणि दोघांनी मिळून संजाला सासरी पोचवलं. सरांनी टोपली पाण्यात सोडली. तिवारीजी डोळे पुसत होते आणि पोतनीसांना भूक लागली नव्हती.

मी सवयीने रेकॉर्डर आत्यांसमोर धरला, "आत्या, कुणाकडून शिकलात?"

त्यांनी माझा हात सरांकडे वळवला. "मला काय विचारतेस? याला विचार."

मी विचारलं, "सर, कुणाकडून शिकलात?"

सर पाण्याकडे बघत होते. मग अगदी हळू म्हणाले, "वडिलांची मास्तरकी, बदलीची नोकरी. एक वर्ष आत्यांच्या शेजारी भाड्याने राहिलो. मुलग्यांना आत घेत नव्हते. मी रोज दाराबाहेर उभा राहून ऐकायचो, अमावस्येला लपतछपत मागोमाग इथे घाटावरही आलो."

आत्यांनी मान वळवली. सरांकडे बघत राहिल्या, बघत राहिल्या.

"दाराबाहेर? म्हणजे कोनाड्यापाशी?"

सर एक पायरी खाली सरकले.

"मेल्या! माझा प्रसाद पळवणारा तू!"

सर म्हणाले, "शोभाताई, रेकॉर्डिंग बंद करा."