एरंडाची पानं

प्रयोगशाळेत तिला सगळे अळीताई म्हणत. आधी राग यायचा, मग तिनं नाद सोडला. चाळिशीला टेकलेली बाई दिवसभर अळ्यांची शी काढते, पानं बदलते, त्यांच्याशी पुटपुटते, तर लोक दुसरं काय म्हणणार? तिची पीएचडी रखडली होती आणि कारण एकच, अळ्या मरत होत्या. बरं, मरायचं तर सरळ मराव्यात की. तेही नाही. खायच्या, चांगल्या टुणटुणीत व्हायच्या, आणि कात टाकायची वेळ आली की जुन्या कातड्यात अर्ध्या अडकून राहायच्या.

विषय तसा सोपा होता, सासऱ्यांनासुद्धा तिनं चहा पिता पिता समजावला होता. अळीचं अंग वाढतं, वरचं कातडं वाढत नाही. त्याला बळकटी येते कायटिनमुळे, खेकड्याच्या पाठीतही तेच असतं. मग अळी जुन्या कातड्याखाली नवं विणायला घेते आणि जुनं आतून विरघळवते. कधी विणायचं, कधी थांबायचं, याचा हुकूम शरीरच सोडतं. विणकाम फसलं की अळी संपली. तो हुकूम कोणतं जनुक पोचवतं, हे तिला शोधायचं होतं. म्हणून अर्ध्या अळ्यांना ती ते जनुक गप्प करणारं द्रव टोचायची आणि अर्ध्यांना नुसतं पाणी. द्रववाल्या मेल्या आणि पाणीवाल्या जगल्या, तर प्रयोग जिंकला. पण मेल्या पाणीवाल्याही, आणि त्याही दरवेळी. आता यातून काय डोंबल सिद्ध करायचं?

सरांनी हात टेकले होते. तिचा हात जड आहे, टोचतानाच मारते, असं ते इतरांसमोर म्हणाले, आणि पुढच्या बैठकीपर्यंत पाणीवाल्या जगल्या नाहीत तर विषय बंद, हेही तिथेच सांगून टाकलं. तिनं सुया बदलल्या, पेटी बदलली, हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघाली. नवरा म्हणाला, दुसरा एखादा प्राणी घे ना, ससा वगैरे. त्या जेवणात तिनं भाजीचं भांडं त्याच्यापुढून उचलून नेलं.

घरात तिच्या बाजूचे एकटे सासरे, त्यांना ती बाबा म्हणायची. टपाल खात्यातून निवृत्त झालेला माणूस, पण सुनेच्या अळ्यांसाठी त्यांनी परसात एरंड लावला होता. रोज सकाळी कोवळी पानं निवडायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची, डब्यात घालून तिच्या हातात द्यायची. आजवरची प्रत्येक अळी त्या डब्यावर वाढली होती.

मग ते लेकीकडे राहायला गेले. डबा भरणारं कोणी नाही, हिला सकाळी उठून पानं तोडायला वेळ नाही. तिनं प्रयोगशाळेमागच्या भिंतीला वाढलेला एरंड ओरबाडला आणि अळ्यांच्या नव्या खेपेला घातला. त्या खेपेतल्या पाणीवाल्या सगळ्या कात टाकून मोकळ्या झाल्या. आधी ती खुर्चीवरून उठून हसली. मग तिची नजर बाबांच्या डब्याकडे गेली. आत उरलेली जुनी पानं तिनं तिथल्या तिथे कचऱ्यात फेकली, आणि डबाही आपटला.

बाबा परत आले त्या संध्याकाळी जेवताना तिनं विचारलं, झाडांवर काही मारता का?

"मारतो की," ते कौतुकानं म्हणाले. "अगं, दुसरे किडे तुझ्या किड्यांची पानं खाऊन टाकत होते. नुसती चाळण. दुकानदार म्हणाला, माणसाला काही होत नाही."

होणार कसं? माणसाच्या अंगात कायटिन नसतंच मुळी. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कात अडकते म्हणजे त्या औषधानं कायटिन बनायचं थांबतं, बाबा. माझ्या अळ्या तुम्ही मारल्या."

त्यांनी घास ताटात तसाच ठेवला. औषधाचं नाव त्यांना माहीत नव्हतं, दुकानदारानं सुटं ओतून दिलं होतं. ती उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं सरांना सगळं सांगितलं. ते हसले. एक खेप जगली ते नशीब, आणि सासऱ्यांवर ढकलणं फार सोयीचं, म्हणाले. पण माणूस अगदीच दगड नव्हता.

"घरची पानं आण. मी स्वतः अळ्यांना खाऊ घालतो. त्या मेल्या तर दोष तुझ्या हाताचा नाही, मुदत मी वाढवून देतो."

ती भर दुपारी घरी धावली. परस रिकामा होता. एरंड मुळासकट उपटलेला, माती सारखी केलेली. बाबा पायरीवर बसले होते, दोन्ही हात मातीनं भरलेले. झाडं सकाळीच कचऱ्याच्या गाडीत गेली होती. बाटली त्यांनी मोरीत ओतून, विसळून, तीही गाडीतच टाकली होती.

"आता एकसुद्धा मरणार नाही बघ," ते म्हणाले.

ती मातीत गुडघ्यांवर बसली आणि भिंतीच्या कडेनं चाचपायला लागली. ते लगबगीनं उठून शेजारी बसले आणि तेही चाचपायला लागले.

"काय हरवलं गं?"

"पान, बाबा. औषध मारलेलं एक तरी पान. तेच सरांना दाखवायचं होतं."

त्यांचे हात थांबले. मग ते कोपऱ्यात सरकले आणि सकाळी स्वतःच दाबलेली माती बोटांनी उकरायला लागले.