घाम वाळवणारा शर्ट
ट्रेकच्या सामानाच्या दुकानात घाम लगेच वाळवणारे पातळ टी-शर्ट टांगलेले दिसले, की मला मोताळ्याकडचं आमचं कपाशीचं शेत आठवतं. एका वर्षी मी मोठ्या भावासाठी तसलाच एक नेला होता. त्यानं तो अंगात घातला, हात वर-खाली करून पाहिले आणि म्हणाला, "अबे, हा तं अंगावर हाय का नाही तेच समजत नाही." दुसऱ्या दिवशी फवारणी होती. एरवी फवारणीला तो जुना, जाडा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा. "आज काऊन उकडून घेऊ?" म्हणत त्यानं तो जाडा शर्ट खुंटीलाच ठेवला आणि नव्या टी-शर्टवरच पाठीवर पंप चढवून निघाला. मलाही बरंच वाटलं. ऊन चढल्यावर वारा फिरला आणि औषधाचा फवारा त्याच्याच अंगावर येऊ लागला. पातळ कापडानं घामासारखंच औषधही पिऊन घेतलं. दुपारी तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसला आणि त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. अंग धुऊन, कपडे बदलून आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "फवारताना अंगात काय होतं?" मी तोंड उघडणार तोच सलाइन लावलेला भाऊ म्हणाला, "नेहमीचाच, जाडा शर्ट." तो बरा झाला, पण तो टी-शर्ट वहिनीनं जाळून टाकला. मी गावी निघालो, की भावाचा फोन येतोच. आजही मी दुकानात असतानाच आला, "येतानी तसलाच एक आनजो बे, लय हलका होता." आणि हातात तसलाच टी-शर्ट धरून मी म्हणालो, "दादा, तो आता मिळत नाही."