टँकरवरची हाक

त्या साली पुंडलिकनगरात पाणी कमी होतं असं म्हणणं म्हणजे पाण्याची स्तुतीच झाली. आमच्या गल्लीतला कावळा आंघोळीसाठी एसटीनं पैठणला जायचा आणि धरणाचा तळ बघून कोरडाच परत यायचा. मी स्वतः त्याला क्रांती चौकात तोंड पाडून उतरताना पाहिलंय. शहराला मात्र त्याचं काही नव्हतं. सकाळी रिकामा दिसलेला प्लॉट संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरून आपल्याकडं बघायचा आणि त्याच्याही नळाला पाणी नसायचं.

टँकर यायचा, पण कधी येईल ते त्याच्या ड्रायव्हरलाही ठाऊक नसे. त्यामुळं कुठल्याही गाडीचा हॉर्न वाजला की बायका हंडे घेऊन धावायच्या. एकदा तर पन्नासेक बायका सिमेंटच्या मिक्सरमागं पार मोठ्या रस्त्यापर्यंत गेल्या. तेव्हा गल्लीच्या पाणी समितीनं ठरवलं की टँकरला भोंगा बसवायचा आणि त्यावर असं काहीतरी वाजवायचं, जे दुसऱ्या कुठल्याच गाडीवर नसेल.

मला मामाची हाक आठवली.

आमचं घराणं मूळचं मेंढरांमागचं. वडिलांनी मेंढरं सोडून कंपनीत नोकरी धरली, पण आईचा चुलतभाऊ, हा मामा, पैठणच्या अलीकडं माळावर मेंढरं घेऊन राहिला. ओव्या गाण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मेंढरं पाण्यावर न्यायची एक हाक त्यानं स्वतः बांधली होती. ‘ये गं काळे, ये गं बांडे, पाणी लागलं, तोंड लावा,’ आणि शेवटी गळ्यातून असा हेल काढायचा की दोन कोसांवरचं मेंढरू चारा टाकून पळत यायचं. माझ्या मते मेलेली दोन-चारही उठायची, पण ते राहू द्या.

समितीचे सेक्रेटरी, एक निवृत्त मास्तर, म्हणाले, “मोबाइलवर भरून आणा की. विचारायचं काय त्यात? तुमच्या नात्यातलेच ना?”

खरं सांगतो, माझाही तोच बेत होता. पण मामा समोर घोंगडीवर बसला की खिशातला मोबाइल आपोआप जड होतो. मी विचारलं. काळी-बांडीच्या जागी पहिली गल्ली, दुसरी गल्ली असं घालायचंय, हेही सांगून टाकलं.

मामा लई हसला. “म्हंजी शहरातल्या बायांना मेंढरावानी बोलवायचं व्हय रं?”

“व्हय मामा.”

“येतील का?”

“मिक्सरमागं गेल्या. तुमच्या हाकेला न येऊन जातील कुठं?”

चुलीपाशी मामी बसली होती. ती म्हणाली, “देऊन टाका. लेकरं तहानली असतील तिथली.”

मामाचं हसू थांबलं. त्यानं घोंगडीवर भंडाऱ्याची वाटी ठेवली. “घे. पण एक ध्यानात ठेव. पाणी नसताना ही हाक द्यायची नाय. मेंढरू एकदा फसलं की मग आपल्या हाकेला येत नाय, आणि आपल्यालाही हाक देताना लाज वाटती. माझ्या बापानं त्याची हाक एकदा अशी घालवली. मग मला ही नवी बांधावी लागली. त्याला दोन वर्सं गेली. आता माझ्यात दोन वर्सं नायत.”

मी चिमूटभर भंडारा उचलला आणि शपथ घेतली. स्वतःची घेतली, समितीचीही घेतली, टँकरचीसुद्धा घेतली. शपथ घेताना माझा हात कधीच आखडत नाही. मामानं नव्या शब्दांची हाक मोबाइलमध्ये गाऊन दिली. दुसऱ्या गल्लीच्या वेळी त्याचा आवाज थोडा अडला, मग लागला.

पुढं मास्तरांनी उद्घाटन काढलं. वॉर्डातले साहेब नारळ फोडणार, मामाला शाल देणार. मी मामाला आग्रहानं बोलावलं. तो एसटीनं आला, धुतलेलं धोतर नेसून आणि लाल मुंडासं बांधून पहिल्या खुर्चीवर बसला.

साहेब आले आणि टँकर आला नाही. भरण्याच्या रांगेत तो अडकला होता. मास्तरांनी शेजारच्या बांधकामावरचा रिकामा टँकर मागून आणला, त्याला हार घातला, भोंगा बांधला. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “साहेबांना पुढं दुसरा कार्यक्रम आहे. लावा.”

मी मामाकडं बघितलं. तो नुकत्याच मिळालेल्या शालीची घडी नीट करत होता. मला वाटलं, रिकामा आहे हे त्याला कसं कळणार? आणि मी बटण दाबलं. दुसऱ्या कुणी दाबलं असं आजवर मी वीस लोकांना सांगितलंय. मीच दाबलं.

हाक सुटली. अख्खी गल्ली आली. हंडे, घागरी, बादल्या आणि एक बाई तर कढई घेऊन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा उठला, गर्दीतून वाट काढत टँकरपाशी गेला आणि नळाच्या चावीखाली एक हात धरून दुसऱ्या हातानं त्यानं ती फिरवली. चावी कोरडी होती. थोडी गंजाची भुकटी तेवढी हातावर पडली.

“येतंय मामा, मागून दुसरा येतोय,” मी म्हणालो. तोवर कढईवालीनं मास्तरांच्या सात पिढ्यांची नावं घ्यायला सुरुवात केली होती.

मामा ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं धोतराला हात पुसले आणि म्हणाला, “मला बसपाशी सोड.”

वाटेत मी बडबडत होतो. मेंढरं कुठं होती इथं, त्यांनी थोडीच ऐकली, असंही बोललो.

“त्यांनी नाय ऐकली,” मामा म्हणाला. “मी ऐकली.”

पाण्याचा टँकर दुसऱ्या दिवशी ती हाक वाजवत आला. बायका आधी खिडकीतून खात्री करून मगच खाली उतरल्या. काही आठवड्यांनी मास्तरांनी भोंग्यावर दुसरं काहीतरी लावलं.

मी माळावर गेलो तो चैत्र संपता संपता. सरकारी टाकीत पाणी सोडलं होतं. मेंढरं शंभर पावलांवर उभी होती आणि मामा काठीनं पत्र्याचा डबा बडवत होता. एकही हलत नव्हतं. सगळी त्याच्या तोंडाकडं बघत होती.

“मामा, जुनी हाक द्या ना. काळे-बांडेची. ती तर आम्ही कधी वाजवली नाही.”

त्यानं मान हलवली. “तोंड उघडलं की तुमची पैली गल्ली येती.”

“मग मी देऊन बघू का?”

“तू दिलीस की.”

मामी कळपात शिरली. एका म्हाताऱ्या मेंढीचा कान धरून तिला टाकीकडं ओढू लागली. मामानं डबा खाली ठेवला आणि दुसऱ्या मेंढीचा कान धरला. मीही एक धरली. अंधार पडेपर्यंत आम्ही तिघं पाणी समोर दिसत असलेल्या मेंढरांना एकेक करून पाण्यापर्यंत ओढत होतो.