पत्र्याला टेकून

परवा बोईसरला सुताराकडे ताज्या भुशाचा वास आला आणि सालवडच्या खोलीत अशाच भुशावर पाळलेले आमचे दोन हॅमस्टर आठवले. मी तेव्हा सहावीत होते. एका पिंजऱ्यात दोघं सारखे भांडायचे, म्हणून बाबांनी दुसरा पिंजरा आणून प्लास्टिकच्या पाइपने पहिल्याला जोडला. जागा वाढूनही भांडण मिटेना, तेव्हा त्यांनी पाइपच्या मधोमध पत्र्याचा तुकडा खोचला.

मग मोकळे पिंजरे सोडून दोघंही पाइपमध्ये शिरून, दोन बाजूंनी पत्र्याला टेकून झोपायला लागले. मला वाटलं, त्यांना एकमेकांची आठवण येते.

"पत्रा काढू नको गो," बाबा म्हणाले, "फाडतील एकमेकांना."

ते कामावर गेल्यावर मी तो काढलाच. दोघांनी क्षणभर एकमेकांना हुंगलं आणि एकाचा कान फाटला.

संध्याकाळी बाबांनी न रागावता त्याला हळद लावली, पत्रा परत बसवला. थोड्या वेळाने पाहिलं तर दोघं पुन्हा तसेच टेकून झोपलेले.

"असं का करतात, बाबा?"

"मला पण नाय समजत."

तेव्हा मला फक्त माझी चूक दिसत होती. आता बाबांचा गोंधळलेला चेहरा दिसतो. हॅमस्टरला एकटंच राहायचं असतं, हे मी पुढे वाचलं. मग ते तिथेच का झोपायचे, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.