बॅटरी दुरुस्त करणारे चाचा

दौंडच्या बाजारात बॅटऱ्या दुरुस्त करणारे एक चाचा होते. मुलं पुण्याला गेलेली, दुकानात फारसं कुणी येत नसे. माझी पत्र्याची बॅटरी उघडून ते दर वेळी नव्यानं सांगत, "सेलातनं करंट बल्बात जातो, आन् पत्र्यातनं, स्प्रिंगवाटं माघारी येतो. मधी कुठं तुटला की अंधार."

एकदा दुकानात बॅटरी लख्ख लागली, मग झाकण नीट बसवतो म्हणून चाचांनी ती पुन्हा उघडून बंद करून दिली; घरी येऊन लावली तर लागेना. मीच मागचं झाकण काढलं. स्प्रिंग आणि सेलच्या मधे कागदाची बारीक घडी सरकवलेली होती. आधी राग आला. मग घडी तशीच ठेवून मी झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी गेलो. म्हणालो, "चाचा, परत बंद पडली."

"व्हय? बसा की गुरुजी," म्हणत त्यांनी बॅटरीच्या आधी स्टूल पुसायला घेतलं.